स्लाइडरूल ते स्प्रेडशीट : रासायनिक प्रक्रिया-आराखड्यातील इष्टतमीकरण आणि नागपूरची अध्यापन-परंपरा

प्रस्तावना

कोणत्याही रासायनिक कारखान्याच्या आराखड्याला दोन प्रश्नांची उत्तरे द्यावी लागतात. योजलेली यंत्रणा अपेक्षित काम करील काय, हा पहिला प्रश्न. आणि ते काम ती कमीत कमी खर्चात करील काय, हा दुसरा. रासायनिक अभियांत्रिकीच्या अध्यापनात पहिल्या प्रश्नाला आरंभापासून मानाचे स्थान मिळाले. दुसरा प्रश्न मात्र दीर्घकाळ ठोकताळ्यांवर सोपविला गेला, कारण त्यासाठी लागणारी आकडेमोड एका माणसाच्या आवाक्याबाहेरची होती. ही स्थिती स्प्रेडशीटमुळे कशी पालटली आणि त्यातून अध्यापकांवर कोणती नवी जबाबदारी आली, याचा परामर्श प्रस्तुत लेखात नागपूरच्या संदर्भात घेतला आहे.

नागपूरची पार्श्वभूमी

नागपूर विद्यापीठाची स्थापना १९२३ मध्ये झाली. कामठी येथील दानशूर उद्योजक रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांनी मृत्युपत्राद्वारे सुमारे ३५ लाख रुपयांची संपत्ती या विद्यापीठास दिली. उपयोजित विज्ञान आणि रसायनशास्त्र यांचे शिक्षण, हा या देणगीचा हेतू होता. त्यातून १९४२ मध्ये लक्ष्मीनारायण तंत्रशास्त्र संस्था उभी राहिली. रासायनिक अभियांत्रिकीबरोबरच तेल तंत्रज्ञानासारखे विषय तेथे शिकविले गेले. शहरातील विश्वेश्वरय्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालय १९६० मध्ये सुरू झाले आणि २००२ मध्ये त्याला राष्ट्रीय संस्थेचे रूप आले. लक्ष्मीनारायण संस्थेचेही २०२३ मध्ये स्वतंत्र विद्यापीठात रूपांतर झाले. देणगीदाराचा भर ‘उपयोजित’ या शब्दावर होता, ही बाब पुढील विवेचनासाठी महत्त्वाची आहे. ज्ञान उपयोजित ठरण्यासाठी खर्चाचा हिशेब त्याचाच भाग असावा लागतो.

हातगणिताचा काळ

संस्था स्थापन झाली त्या वेळी अभियंत्याची साधने म्हणजे लॉगॅरिथमची कोष्टके, स्लाइडरूल आणि आलेख-कागद. ऊर्ध्वपातन स्तंभाच्या आराखड्यासाठी मॅकेब व थीले यांनी १९२५ मध्ये मांडलेली आलेख-पद्धती सर्वत्र वापरली जाई. समतोल-वक्र आणि कार्यरेषा यांच्यामध्ये पायऱ्या काढून स्तंभातील टप्पे मोजले जात. ही पद्धती डोळ्यांना पटणारी होती. परंतु रिफ्लक्स प्रमाण बदलले की संपूर्ण आकृती नव्याने काढावी लागे. दहा पर्याय तपासायचे तर दहा आकृत्या आणि प्रत्येकीमागे उष्णतेचा व खर्चाचा वेगळा हिशेब! त्यामुळे किमान रिफ्लक्सच्या १.२ ते १.५ पट प्रमाण घ्यावे, असा संकेत पाठ्यपुस्तकांत रूढ झाला. इंधन व पोलाद यांच्या विशिष्ट काळातील किमतींवर तो आधारलेला होता. १९७३ च्या तेलसंकटानंतर इंधन महागले आणि किफायतशीर प्रमाण खाली सरकले. विद्यार्थी मात्र आकडा पाठ करीत राहिला आणि त्यामागील किमती विस्मरणात गेल्या.

फोर्ट्रान भाषा १९५७ मध्ये आली, तरी मोठ्या संगणकावर काम करणे म्हणजे छिद्रित पत्रे तयार करणे आणि उत्तराची वाट पाहणे. मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत १९७६ मध्ये सुरू झालेल्या ‘अ‍ॅस्पेन’ प्रकल्पातून समर्थ प्रक्रिया-अनुकरण प्रणाली विकसित झाली. परंतु अशा प्रणाली लहान उद्योगांच्या ऐपतीपलीकडील राहिल्या.

स्प्रेडशीटचा उदय

स्प्रेडशीटचा जन्म वाणिज्य शिक्षणात झाला. डॅन ब्रिकलिन हार्वर्ड येथे व्यवस्थापनाचे शिक्षण घेत असताना, फळ्यावरील कोष्टकातील एक आकडा बदलला की त्यावर अवलंबून असलेले सर्व आकडे पुसून पुन्हा लिहावे लागतात, हे त्यांच्या ध्यानी आले. त्यांनी बॉब फ्रँकस्टन यांच्यासह १९७९ मध्ये ‘व्हिसिकॅल्क’ सिद्ध केले. १९८३ मध्ये ‘लोटस १-२-३’ आणि १९८५ मध्ये ‘एक्सेल’ आले. १९९० च्या दशकारंभी एक्सेलला ‘सॉल्व्हर’ची जोड मिळाली. लासडन व वॅरन यांनी विकसित केलेली अरेषीय इष्टतमीकरणाची पद्धती त्यामुळे साध्या संगणकावर उपलब्ध झाली.

आलेखांचे समीकरणांत रूपांतर हा या बदलाचा दुसरा धागा होय. गिलिलँड यांनी १९४० मध्ये दिलेला टप्पे व रिफ्लक्स यांच्या संबंधाचा आलेख स्प्रेडशीटला वाचता येत नाही. इडुलजी यांनी १९७५ मध्ये त्याच आलेखासाठी सुटसुटीत समीकरण दिले आणि ते एका घरात बसू लागले.

एक उदाहरण

बेंझीन-टोल्यूईनसारखे, २.५ सापेक्ष बाष्पनशीलतेचे मिश्रण घेऊ. संतृप्त द्रवरूप पुरवठ्यात हलक्या घटकाचा अंश ०.५०, वरील उत्पादात ०.९५ आणि तळाच्या उत्पादात ०.०५ आहे. फेन्स्के यांच्या समीकरणाने किमान टप्पे ६.४ आणि अंडरवुड यांच्या समीकरणाने किमान रिफ्लक्स १.१ येते. आता रिफ्लक्स किमानाच्या १.०५ पट ठेवल्यास सुमारे २०.६ सैद्धांतिक टप्पे लागतात, १.५ पट ठेवल्यास १२.३, आणि २ पट ठेवल्यास १०.३. पहिल्या बदलात बाष्पप्रवाह २३ टक्के वाढतो आणि आठ टप्पे वाचतात. दुसऱ्या बदलात प्रवाह आणखी २१ टक्के वाढतो, पण केवळ दोनच टप्पे वाचतात. बाष्पप्रवाहाबरोबर वाफेचा खर्च वाढतो, तसाच स्तंभाचा व्यासही वाढतो. वाफेचा दर आणि यंत्रसामग्रीची किंमत स्वतंत्र घरांत लिहिली की एकूण वार्षिक खर्चाचा वक्र समोर उभा राहतो व त्याचा तळ शोधता येतो. वाफेचा दर बदलून पाहताच तो तळही सरकतो. ‘१.२ ते १.५’ हा संकेत कोठून आला, हे विद्यार्थ्याला येथे प्रथमच उमगते.

मर्यादा

या सोयीची किंमतही आहे. मॅकेब-थीले आकृतीत चूक झाली तर पायऱ्या वेड्यावाकड्या दिसत; स्प्रेडशीटमधील चुकीचे सूत्र मात्र नीटनेटक्या आकड्याआड दडून राहते. राइनहार्ट व रोगॉफ यांच्या गाजलेल्या अर्थशास्त्रीय निबंधात सरासरीच्या सूत्रातून पाच देश वगळले गेले होते, हे २०१३ मध्ये उघडकीस आले. शिवाय सॉल्व्हरला सापडलेला किमान बिंदू केवळ स्थानिक असू शकतो; आरंभीची किंमत बदलली की उत्तर बदलते. सूत्राच्या वैधतेची सीमाही यंत्र ओळखत नाही. सापेक्ष बाष्पनशीलता स्थिर नसलेल्या अल्कोहोल-पाणी मिश्रणालाही ते तितक्याच विश्वासाने उत्तर देते.

निष्कर्ष

स्प्रेडशीटने ‘चालेल असा’ आणि ‘सर्वांत किफायतशीर’ या दोन आराखड्यांमधील श्रमाचे अंतर जवळजवळ मिटविले. महागड्या प्रणाली न परवडणाऱ्या लहान उद्योगांसाठी हे साधन विशेष मोलाचे आहे. मात्र आकडेमोडीचा भार उतरल्याने निर्णयाचा भार वाढला आहे. म्हणून अध्यापनात अंतिम उत्तराइतकेच सूत्रांच्या मांडणीला, गृहीतकांच्या स्वतंत्र नोंदीला आणि किमान एका हातगणिताच्या पडताळणीला गुण असणे आवश्यक ठरते. पायऱ्या हाताने काढलेल्या विद्यार्थ्यालाच घरातील आकडा संशयास्पद वाटू शकतो. १९४२ मध्ये ज्या उपयोजित शिक्षणासाठी नागपुरात संस्था उभी राहिली, त्याची आजची कसोटी या संशयाच्या क्षमतेत आहे.