धामच्या पात्रातला खडक : पवनारच्या काठाचा इतिहास

वर्धा जिल्ह्याला समुद्र नाही. वर्धा नदी आणि तिच्या खोऱ्यातल्या वेणा, बोर, धाम या नद्या एवढेच त्याचे जलवैभव, आणि उन्हाळ्यात तेही बरेचसे ओसरते. तरीही पाण्यात उभे राहिलेले बेटवजा खडक, काठावर रांधलेले जेवण आणि मोकळ्या हवेतली भटकंती हे सारे एकत्र आणणारी एक जागा या जिल्ह्यात आहे, आणि ती म्हणजे वर्धा शहरापासून आठ-दहा किलोमीटरवर, नागपूरच्या वाटेवर धाम नदीकाठी वसलेले पवनार. आज शाळांच्या सहली आणि रविवारची कुटुंबे तिथे येतात ती पाण्यासाठी आणि खडकासाठी. मात्र हा काठ सहलीसाठी कुणी घडवला नव्हता. राजधानी, किल्ला, आश्रम आणि स्मारक अशी त्याची चार आयुष्ये होऊन गेल्यावर त्याला पर्यटनस्थळ हे पाचवे आयुष्य लाभले.

धामच्या पात्रातला काळा पाषाण हा दख्खनच्या लाव्ह्याचा, म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीतून उसळून थरांवर थर साचत गेलेल्या तप्त रसाचा थिजलेला अवशेष होय. आयर्लंड बेटाच्या उत्तर किनाऱ्यावर, अँट्रिम परगण्यात, याच जातीचा पण त्याहून काही दशलक्ष वर्षांनी धाकटा खडक समुद्रात उतरलेला दिसतो. थंड होताना तो आकसून तडकला आणि त्याचे सुमारे ४० हजार बहुकोनी खांब झाले. फिन मॅकूल नावाच्या राक्षसाने स्कॉटलंडला जाण्यासाठी ही फरसबंदी केली, असे तिथले लोक सांगत आले. वर्धा जिल्ह्यातल्या गिरड येथे शेख फरीद यांच्या दर्ग्याच्या टेकडीवर सापडणाऱ्या गोल गोट्यांची कथाही याच वळणाची आहे : साधूची टवाळी करणाऱ्या व्यापाऱ्यांच्या नारळांचे दगड झाले, असे भाविक सांगतात, तर भूशास्त्र त्यांना झिओलाइटचे, म्हणजे लाव्ह्याच्या पोकळ्यांत साठत गेलेल्या खनिजाचे, गोळे म्हणते. विचित्र दगड दिसला की त्यामागे कर्ता शोधायचा, ही माणसाची खोड समुद्रकाठी काय आणि नदीकाठी काय, सारखीच.

पवनारच्या डोहालाही असाच एक कर्ता मिळाला आहे. पवन राजाजवळ परीस होता, त्यामुळे तो रयतेकडून सारा म्हणून पैसा न घेता नांगराचे लोखंडी फाळ घेई आणि त्यांचे सोने करी, अशी दंतकथा जुन्या गॅझेटियरांत नोंदवलेली आहे. केळझरला शिर तुटूनही लढत आलेल्या सय्यद शाह कबीर या साधूपुढे राजाची जादू चालेनाशी झाली, तेव्हा त्याने राणीसह किल्ल्याखालच्या धामच्या डोहात उडी घेतली, असा तिचा शेवट. कथेतला शेतसारा लक्षात घेण्याजोगा आहे, कारण फाळ देऊन मोकळे होण्याचे हे स्वप्न साऱ्याच्या ओझ्याखाली वाकलेल्या शेतकऱ्यालाच पडू शकते.

दंतकथेच्या मागे जाता इतिहास पाचव्या शतकापर्यंत पोचतो. वाकाटक नृपती दुसरा प्रवरसेन, म्हणजे चंद्रगुप्त द्वितीयाची कन्या प्रभावतीगुप्ता हिचा पुत्र, याने नंदिवर्धनाहून राजधानी हलवून प्रवरपूर वसवले, आणि हे प्रवरपूर म्हणजेच पवनार, असे मत इतिहाससंशोधक वा. वि. मिराशी यांनी मांडले. १९६७ साली नागपूर विद्यापीठातर्फे शां. भा. देव आणि म. के. ढवळीकर यांनी येथे उत्खनन केले. पुढे रामटेकजवळच्या मनसर येथील अवशेष उजेडात आल्यावर मात्र प्रवरपूर तिकडे असावे, असाही पक्ष पुढे आला आणि वाद मिटलेला नाही. वाद काहीही असो, सागरावर दगडांचा पूल बांधण्याचा प्रसंग महाराष्ट्री प्राकृतात रंगवणारे ‘सेतुबंध’ हे काव्य ज्या राजाच्या नावावर आहे, त्याचे नाव समुद्रापासून इतक्या दूरच्या खडकाळ नदीकाठाशी जोडले जावे, यात एक गंमत आहे.

मोगल काळात पवनार हे वऱ्हाड सुभ्यातल्या एका सरकारचे, म्हणजे अनेक परगण्यांच्या महसुली विभागाचे, ठाणे होते. इंग्रजी अमलात नागपूरपासून वेगळा जिल्हा झाला आणि १८६६ साली पालकवाडीच्या जागी वर्धा शहर उभे राहिले, तेव्हा कारभार आणि बाजार तिकडे वळला.

या बाजूला पडलेल्या गावाला पुन्हा नाव मिळाले ते एका आजारी माणसामुळे. १९२१ पासून वर्ध्यात राहणारे विनोबा भावे प्रकृती फार खालावल्यामुळे मार्च १९३८ मध्ये उद्योगपती जमनालाल बजाज यांच्या पवनार येथील बंगल्यात राहायला आले, आणि धाम नदीच्या पलीकडचे म्हणून त्या जागेला त्यांनी ‘परमधाम’ हे नाव दिले. १७ ऑक्टोबर १९४० रोजी वैयक्तिक सत्याग्रहाचा आरंभ त्यांनी येथूनच केला. आश्रमाच्या शेतात खणताना जुने शिल्पपट निघाले; त्यांतल्या एकात राम-भरताची भेट पाहून विनोबांनी तो पट मंदिरात स्थापला, कारण लक्ष्मणाची जवळिकीची भक्ती आणि भरताची दूर राहून केलेली भक्ती यांची तुलना त्यांनी १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगातल्या गीताप्रवचनांत केली होती. काही अभ्यासक येथील शिल्पपटांतले प्रसंग निराळे मानतात. पण शेतात सापडलेला दगड संग्रहालयात न जाता पूजेत गेला, हे या काठाच्या स्वभावाला धरून झाले. १९५९ मध्ये येथेच ब्रह्मविद्या मंदिर हा स्त्रियांचा सामूहिक साधनाश्रम सुरू झाला, आणि १५ नोव्हेंबर १९८२ रोजी विनोबांनी येथेच देह ठेवला.

या काठावरचे खाणेही दोन इतिहासांतून आलेले आहे. एक नदीकाठच्या आणि देवळापुढच्या जेवणाचा, त्यात रोडग्यांचा मान पहिला : जाडसर कणकेची पोळी लाटायची, तीवर तेलाचा हात फिरवून तिच्या थरांचा गोळा वळायचा, गोवऱ्या पेटवून त्यांचा धूर सरला आणि निखारा पांढुरका झाला की गोळे त्या आरात पुरायचे, आणि वरची साल करपून टणक झाली की राख झटकून, हाताने फोडून, तूप, वरण आणि वांग्याच्या झणझणीत भाजीबरोबर खायचे. पोळपाट-लाटणे सोडले तर याला जवळजवळ भांडेच लागत नाही, म्हणून ते बाहेरचे जेवण. दुसरा इतिहास गांधीयुगाचा : १९४१ मध्ये जमनालाल बजाज यांनी गोसेवेचे काम हाती घेतले, या जिल्ह्याच्या पांढऱ्या, चपळ गवळाऊ गाईच्या दुधाला गिऱ्हाईक मिळावे हा त्यामागचा एक हेतू होता, आणि त्याच परंपरेतल्या गोरस भंडाराचा गाईच्या तुपातला खुसखुशीत गोरसपाक आज वर्ध्याहून परतणाऱ्या पाहुण्याच्या पिशवीत असतोच. त्याच पिशवीत वायगावची हळद असण्याचाही संभव आहे. तिला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले.

हल्ली पाहुण्यांचा ओघ बोर अभयारण्याकडेही वळतो. १९७० मध्ये अभयारण्य आणि २०१४ मध्ये व्याघ्र प्रकल्प झालेले हे जंगल, सुमारे १३८ चौरस किलोमीटरच्या गाभ्यामुळे, देशातल्या सर्वांत लहान व्याघ्र प्रकल्पांत मोडते. तिथला पाहुणा वाघ पाहायला जातो आणि पाहून परततो, त्याच्याकडून तिकिटापलीकडे काही मागितले जात नाही.

पवनारच्या काठाने मात्र पूर्वी पाहुण्याकडे काही मागितले होते. १२ फेब्रुवारी १९४८ रोजी गांधीजींच्या अस्थींचा काही भाग येथे धाममध्ये विसर्जित झाला. नदीतल्या खडकावर त्या विसर्जनाची छत्री, म्हणजे खांबांवर तोललेले छोटे स्मारक, उभी आहे, आणि दर वर्षी त्या तारखेला सर्वोदय मेळा भरतो. विनोबांनी सुचवलेल्या सूतांजलीनुसार येणाऱ्याने फूल किंवा नारळ न आणता स्वतः कातलेल्या सुताची एक गुंडी वाहायची असते. गुंडी म्हणजे ६४० तार, एक तार सुमारे चार फुटांचा, आणि एवढे सूत कातायला सरावलेल्या हातालाही काही तास लागतात.