थडग्यांवरील चिन्हे, स्कॉटलंडमधील

स्कॉटलंडमधील चर्चच्या आवारांत थडग्यांच्या शिळांवर कोरलेली मृत्यूची, पुनरुत्थानाची व मृताच्या व्यवसायाची चिन्हे. १७व्या व १८व्या शतकांत ही कला विशेष बहरली.

पार्श्वभूमी : १५६० च्या धर्मसुधारणेनंतर संतांच्या मूर्ती वर्ज्य ठरल्या आणि चर्चच्या इमारतीत दफन करण्यास बंदी आली. तेव्हा आवारातील शिळांचे महत्त्व वाढले. देवळातून हद्दपार झालेली शिल्पकला अशा रीतीने बाहेर अंगणात टिकून राहिली.

मृत्यूची व आत्म्याची चिन्हे : कवटी, एकमेकींवर आडवी ठेवलेली हाडे, वाळूचे घड्याळ, शवपेटी, थडगे खणणाऱ्याची कुदळ-फावडे आणि अंत्ययात्रेपुढे वाजवण्याची घंटा ही चिन्हे सर्रास आढळतात. शिळेच्या माथ्यावर बहुधा पंख फुटलेला चेहरा असतो. तो देह सोडून जाणारा आत्मा. तुतारी अंतिम दिवशीच्या हाकेची खूण आहे.

व्यवसायचिन्हे : कवटी सर्वांची सारखीच; माणसाची ओळख पटते ती हत्यारावरून. लोहाराचा हातोडा आणि चांभाराची अर्धचंद्राकृती रापी यांवर पुष्कळदा मुकुट असतो. ही त्यांच्या संघांची मानचिन्हे होत. विणकराचा धोटा काही ठिकाणी बिबट्याच्या तोंडात धरलेला दिसतो. पाव भट्टीत सारण्याची लांब दांड्याची फळी भटाऱ्याची, कात्री व इस्त्री शिंप्याची, तर नांगराचा फाळ शेतकऱ्याचा. दळणाऱ्याच्या शिळेवर जात्याची वरची तळी तोलून धरणारा लोखंडी तुकडा कोरलेला असतो. गुण्या व कंपास मात्र जपून वाचावे लागतात : ते सुताराचे, गवंड्याचे किंवा फ्रीमेसन सभासदाचेही असू शकतात.

अनेक शिळांवर नवरा-बायकोची आद्याक्षरे शेजारी शेजारी दिसतात. त्या काळी लग्नानंतरही स्त्रीचे माहेरचे आडनाव कायम राहत असल्याने ती वेगवेगळी असतात.

डंडी येथील हाउफ : १५६४ मध्ये राणी मेरीने फ्रान्सिस्कन मठाची बाग दफनभूमीसाठी डंडी शहराला दिली. शहरातील नऊ कारागीर संघ पुढे दोन शतकांहून अधिक काळ तेथेच बैठका भरवत. ‘हाउफ’ म्हणजे भेटण्याचा अड्डा. दफनभूमीला हे नाव त्यावरूनच पडले. एकाच आवारात इतक्या व्यवसायांच्या खुणा पाहायला मिळण्याचे हे प्रसिद्ध ठिकाण आहे.

ऱ्हास : १९व्या शतकात अभिजात धाटणीचे कलश व लांब लेख रूढ झाले आणि हत्यारे मागे पडली. वालुकाश्माच्या जुन्या शिळांवरील खोदलेली नावे पुष्कळ ठिकाणी झिजली आहेत. अशा शिळांवर उठावात कोरलेला हातोडा किंवा धोटा तेवढाच ओळखू येतो.