वहीत नसलेला रकाना

१९८३च्या खरिपात मी अकोल्याजवळच्या एका प्रयोगक्षेत्रावर रोजंदारीनं कपाशीवरच्या अळ्या मोजायला लागलो. प्रत्येक वाफ्यातली पाच झाडं, त्यांची पाती, फुलं, बोंडं एकेक करून पाहायची. हिरवी अळी बोंडात डोकं खुपसून बसलेली असे. ठिपक्याची अळी कोवळे शेंडे पोखरी. शेंदरी मात्र बाहेरून दिसतच नसे. तिच्यासाठी २० हिरवी बोंडं तोडून चिरायची, तेव्हा ती सरकीशी सापडायची.

औषधाची चाचणी म्हणजे ही मोजणी. शेताचे तीन सारखे गट पाडायचे. प्रत्येक गटात प्रत्येक औषधाला एक वाफा, आणि तो कुठला हे चिठ्ठी टाकून ठरवायचं, म्हणजे चांगल्या मातीचा फायदा एकाच औषधाला मिळत नाही. प्रत्येक गटात एक वाफा कोरा, म्हणजे बिनफवारणीचा ठेवायचा. अळ्या पावसानंही मरतात, त्यामुळे कोऱ्या वाफ्याशी ताडल्याशिवाय औषधाचा गुण कळत नाही. फवारणीआधी एकदा, मग तिसऱ्या, सातव्या आणि चौदाव्या दिवशी मोजणी.

सायपरमेथ्रिन, फेनव्हलरेट ही औषधं तेव्हा नवी होती. तिसऱ्या दिवशी वहीत शून्यच शून्य दिसत आणि आम्ही हरखून जात असू. पुढे १९८७मध्ये आंध्रच्या गुंटूर-प्रकाशम पट्ट्यात हिरवी अळी याच औषधांना पुरून उरली. एकाच रासायनिक गटातलं विष पुन्हा पुन्हा मारलं की त्यातून वाचलेल्या अळ्यांचाच वंश वाढतो. शेतकरी कर्जात बुडाले, कित्येकांनी जीव दिला.

मग आमच्या वहीत रकाने वाढले: ढालकिडा आणि क्रायसोपा हे मित्रकीटक, आणि पांढरी माशी ही रस शोषणारी कीड. जिथं अळ्या शून्य, तिथं ढालकिडेही जवळपास संपलेले आणि पांढरी माशी फोफावलेली. पाच ते दहा टक्के पाती-बोंडं किडल्याशिवाय फवारू नका, या सल्ल्यामागे अशीच शेताशेतातली मोजणी आहे.

२००२मध्ये अळीला मारक जनुक असलेली बीटी कपाशी आली, २००६मध्ये दोन जनुकांची. बोंडअळीसाठीची फवारणी खूप कमी झाली. पण शेंदरी अळी मुख्यतः कपाशीवरच जगते. हंगामानंतरही शेतात ठेवलेल्या फरदडीनं तिला उन्हाळ्यापर्यंत खायला मिळालं, आणि अळीत प्रतिकार वाढू नये म्हणून बीटीभोवती लावायच्या साध्या कपाशीच्या ओळी फार थोड्यांनी लावल्या. २०१७मध्ये विदर्भात ती बीटीच्या बोंडांत उघड दिसू लागली. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन २०हून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. शेकडो जण दवाखान्यात होते.

ती बातमी वाचली आणि आमच्या प्रयोगक्षेत्रावर फवारणारा गडी आठवला. पाय उघडे, तोंडाला नुसता रुमाल, पाठीवरचा पंप झिरपून सदरा ओला. संध्याकाळी हौदावर तोंड धुताना म्हणायचा, "भाऊ, डोये लय चुरचुरतात." मी त्याला पाणी द्यायचो आणि वहीत अळ्यांची बेरीज करायचो. तो रोज माझ्यासमोर उभा असूनही त्याच्या डोळ्यांसाठी मी एक ओळसुद्धा लिहिली नाही.

ढालकिड्यासाठी आम्ही उशिरा का होईना, रकाना आखला. आता ज्या पोरांच्या हाती चाचणीची वही आहे, त्यांना माझं एवढंच सांगणं आहे: तिसऱ्या दिवशी वाफ्यात उतरण्याआधी फवारणाऱ्याच्या घरी जा, त्याची तब्येत विचारा, आणि जे सांगेल ते पहिल्या रकान्यात लिहा.