फोडलेल्या पत्रांचा इतिहास

2017 साली सर्वोच्च न्यायालयात नऊ न्यायमूर्तींपुढे एक वाद चालला होता. खाजगीपणा हा नागरिकाचा मूलभूत हक्क आहे की नाही? सरकार पक्षाने जी अनेक कारणे मांडली, त्यांत एक असे होते की, हा हक्क म्हणजे मूठभर सुखवस्तू लोकांचे चोचले. ज्याच्या पोटाची भ्रांत आहे त्याला तो घेऊन काय करायचा? वर्तमानपत्रात हे वाचले तेव्हा आम्हांला आमची चाळ आठवली. दहा बाय बाराची खोली, माणसे आठ, दार पहाटेपासून रात्रीपर्यंत उघडे. पण गावाहून पत्र आले की, ते कोणाकडून वाचून घ्यायचे हे आमची आई ठरवीत असे. तिला अक्षरओळख नव्हती. शेजारी वाचणारे पुष्कळ होते. तरी ती तीन दारे सोडून चौथ्या दाराशी जाई, कारण तिथल्या मास्तरांच्या पोटात गोष्ट राहत असे.

आम्ही वकील नाही. सातवीनंतर शाळा सुटली. जे वाचले ते पाळी संपल्यावर, वाचनालयाच्या बाकावर. तेव्हा खाजगीपणाचे तत्त्वज्ञान सांगण्याच्या भानगडीत आम्ही पडत नाही. बंद पत्राचे आपल्या देशात काय काय झाले, एवढेच सांगतो.

1898 च्या पोस्टाच्या कायद्यात एक कलम होते. सार्वजनिक आणीबाणी असेल किंवा सार्वजनिक सुरक्षितता व शांतता यांसाठी गरज असेल, तर सरकारने टपाल अडवावे, असा त्याचा अर्थ. गरज आहे की नाही हे ठरवणारेही सरकारच! 1924 च्या कानपूर खटल्यात डांगे, मुझफ्फर अहमद, शौकत उस्मानी आणि नलिनी गुप्ता यांना चार चार वर्षांची शिक्षा झाली. पुराव्याचा मुख्य भाग म्हणजे मानवेंद्रनाथ रॉय यांच्याशी झालेला, वाटेत फोडलेला पत्रव्यवहार. पुढे 1928 साली मुंबईच्या गिरण्यांचा सहा महिन्यांचा संप झाला आणि गिरणी कामगार युनियन उभी राहिली. लगेच 20 मार्च 1929 रोजी देशभर धरपकड होऊन मीरतचा खटला उभा राहिला. डांगे, मिरजकर, जोगळेकर, निंबकर, घाटे ही मुंबईची माणसे मीरतेस का नेली? तेथे ज्यूरी बसवावी लागत नव्हती. पुण्याचे ठेंगडी खटला चालू असतानाच वारले. निकाल लागला जानेवारी 1933 मध्ये.

या खटल्यांत आम्हांला सर्वांत जास्त बोचते ती पत्रांची तऱ्हा. पत्र टपालात अडवायचे, त्याची नक्कल करायची, पाकीट पूर्ववत् डकवायचे आणि पुढे धाडून द्यायचे. लिहिणाऱ्याला पत्ता नाही, वाचणाऱ्याला शंका नाही. आणि चार वर्षांनी तोच मजकूर न्यायाधीशापुढे, क्रमांक घालून! संघटना करणाऱ्या माणसाच्या पत्रात असते तरी काय? वर्गणीचा हिशेब, एखाद्या सहकाऱ्यावरचा राग, घरी पैसे नाहीत ही तक्रार. ते सारे कटाच्या बाडात बांधले गेले.

हा अनुभव गाठीशी असलेला देश घटना लिहावयास बसला, तेव्हा हा विषय निघणे स्वाभाविकच होते. डॉ. आंबेडकरांनी 1947 च्या आपल्या मसुद्यात माणसाचे शरीर, घर आणि कागदपत्रे अवास्तव झडतीपासून सुरक्षित असावीत असे कलम घातले होते. मूलभूत हक्कांच्या उपसमितीने पत्रव्यवहाराच्या गुप्ततेचा हक्कही स्वीकारला होता. परंतु बेनेगल नरसिंह राव आणि अल्लादी कृष्णस्वामी अय्यर यांच्यासारख्या जाणत्या कायदेपंडितांनी हरकत घेतली. तपासाला आणि पुराव्याला अडथळा येईल, असे त्यांचे म्हणणे. दोन्ही कलमे गळाली. 30 एप्रिल 1947 रोजी सोमनाथ लाहिरी यांनी पत्रव्यवहाराची गुप्तता पुन्हा मागितली. लाहिरी हे घटना समितीतले एकुलते एक कम्युनिस्ट सभासद. कानपूर आणि मीरतच्या आरोपींच्या पक्षाचे. त्यांची सूचना कोणी उचलून धरली नाही.

आता पुढच्या तारखा पाहा. 3 डिसेंबर 1948 रोजी वऱ्हाड-मध्यप्रांताचे काझी सय्यद करीमुद्दीन यांनी अवास्तव झडतीविरुद्ध दुरुस्ती मांडली. डॉ. आंबेडकरांनी ती स्वीकारण्याची तयारी दाखवली, तरीही मतदान लांबले आणि 6 डिसेंबरला दुरुस्ती नामंजूर झाली. त्यानंतर चारच दिवसांनी, 10 डिसेंबर 1948 रोजी, पॅरिस येथे मानवी हक्कांचा जाहीरनामा मंजूर झाला. बाजूने 48, विरुद्ध शून्य, तटस्थ 8. त्याचे बारावे कलम म्हणते की, कोणाच्याही खाजगी जीवनात, कुटुंबात, घरात वा पत्रव्यवहारात मनमानी ढवळाढवळ होता कामा नये. बाजूच्या 48 मतांत हिंदुस्थानचे मत होते. दिल्लीत नाकारलेले आपण पॅरिसात कबूल केले!

2014 साली डिगेलमन आणि क्लाइस या दोन अभ्यासकांनी हा हक्क मानवी हक्क कसा झाला याचा शोध घेतला. त्यांचे म्हणणे असे की, तेव्हा कुठल्याही देशाच्या घटनेत खाजगीपणाची सर्वसाधारण हमी नव्हती. घर आणि पत्र यांचे संरक्षण तेवढे असे. व्यापक शब्द आधी आंतरराष्ट्रीय कागदावर आला, तोही फारशी चर्चा न होता, आणि देशोदेशीच्या कायद्यांत मागाहून उतरला. अभ्यास चांगला आहे. परंतु आमच्या बाजूने एक भर घालावीशी वाटते. शब्द कदाचित योगायोगाने आला असेल. मागणी योगायोगाची नव्हती. ज्यांची पत्रे फोडली गेली होती, त्यांच्या पक्षाचा माणूस पॅरिसच्या दीड वर्ष आधी ती मागत उभा होता.

पुढची वाट वाकडीतिकडी आहे. 1954 साली आठ न्यायमूर्तींनी सांगितले की, असा हक्क आपल्या घटनेत नाही. खरकसिंग नावाच्या माणसाला 1941 साली दरोड्याच्या आरोपात पकडले आणि पुराव्याअभावी सोडले. तरी पोलीस मध्यरात्री येऊन त्याचे दार ठोठावीत. 18 डिसेंबर 1962 रोजी न्यायालयाने हे ठोठावणे बंद पाडले, पण बाकीची पाळत मात्र बहुमताने राहू दिली. सुब्बराव आणि शहा या दोघांनी भिन्न मत लिहिले. 1979 साली भारताने नागरी व राजकीय हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार पत्करला. काही कलमांना आपण राखणी लावली, सतराव्याला लावली नाही; आणि हे सतरावे म्हणजे पॅरिसचे तेच बारावे. त्याच्याच आधारे 1996 साली न्यायमूर्ती कुलदीपसिंग यांनी टेलिफोन चोरून ऐकण्यावर बंधने घातली: हुकूम गृहसचिवाचा हवा, मुदत दोन महिने, वाढवली तरी एकूण सहा महिन्यांहून अधिक नाही. अखेर 24 ऑगस्ट 2017 रोजी नऊही न्यायमूर्तींनी एकमताने हा हक्क मूलभूत ठरवला, जुने निकाल त्यापुरते मोडले आणि चोचल्यांचा युक्तिवाद स्पष्ट शब्दांत फेटाळला.

टपाल फोडण्याची सत्ता तरी गेली का? नाही. 1898 चा कायदा जाऊन 2023 चा आला आणि जून 2024 पासून लागू झाला; त्याच्या नवव्या कलमात ती सत्ता नव्या भाषेत शाबूत आहे.

आणि कामगाराचा मामला एकट्या सरकारशी थोडाच असतो! बुखारेस्टच्या एका खाजगी कंपनीने बर्बुलेस्कू नावाच्या अभियंत्याचे, भावाशी आणि वाग्दत्त वधूशी झालेले संगणकावरचे संभाषण वाचून त्याला 2007 साली कामावरून काढले. युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने 5 सप्टेंबर 2017 रोजी, म्हणजे आपल्या निकालानंतर बाराच दिवसांनी, अकरा विरुद्ध सहा मतांनी त्याच्या बाजूने निर्णय दिला. मालकाच्या दारात शिरताना माणूस आपले खाजगी जीवन फाटकाबाहेर ठेवून येत नाही, असा त्याचा आशय.

आम्ही एका कारखान्यात युनियन बांधत होतो तेव्हाची गोष्ट. सभासदांना धाडलेली पत्रे कारखान्याच्या पत्त्यावर जात आणि फाटकावरच्या कचेरीतून, कडेने नीट कापलेल्या पाकिटात, हातात पडत. विचारले तर उत्तर मिळे की, कचेरीचे पत्र समजून चुकून फोडले. चूक आठवड्यातून दोनदा होई. मग आम्ही पत्ता बदलला. एका सभासदाच्या मेहुण्याचे किराणा दुकान होते. पत्रे तेथे येऊ लागली. तो मेहुणा साखरेच्या पोत्यामागे ती ठेवी आणि ज्याचे त्यालाच देई.