कागदावरचा ऑर्केस्ट्रा

कोलाड नाक्यावर एखाद्या उत्सवाच्या फलकावर ‘भव्य ऑर्केस्ट्रा’ असं दिसलं, की काय ऐकायला मिळणार हे सगळ्यांना ठाऊक असतं : हिंदी-मराठी चित्रपटगीतं, कीबोर्ड, ढोलकी, निवेदक. मूळ अर्थानं ऑर्केस्ट्रा म्हणजे मात्र लिहून ठेवलेलं संगीत वाजवणारा मोठा वाद्यवृंद. आपल्या भाषेत हा शब्द सिनेमाच्या गाण्यांना चिकटला, त्यामागे याच महामार्गाच्या दुसऱ्या टोकाकडून, गोव्यातून मुंबईला गेलेल्या वादकांचा मोठा वाटा आहे.

रायगडातला खालूबाजा कागदावाचून चालतो. सनई, ढोल सगळं अंगात मुरलेलं असतं. पण पन्नास-साठ वादकांनी एकाच वेळी वेगवेगळे स्वर वाजवायचे, तर प्रत्येकापुढे त्याचा कागद हवाच. शिवाय बी-फ्लॅट क्लॅरिनेटला ‘सी’ वाजवायला सांगितलं, तर ऐकू येतो त्याच्या खालचा बी-फ्लॅट. म्हणून त्याचा भाग एक पूर्ण स्वर वर चढवून लिहावा लागतो. हे लेखन-वाचन गोव्यात पोर्तुगीज अमदानीत चर्चला जोडलेल्या शाळांमधून मुलांना शिकवलं जाई. त्यामुळे मुंबईच्या स्टुडिओंना नोटेशन वाचणारे वादक तयारच मिळाले. संगीतकार चाल द्यायचा. सेबॅस्टियन डिसोझांसारखे अरेंजर तिच्याभोवती व्हायोलिन, चेलो, ट्रम्पेट यांचं वेगवेगळं लेखन करायचे.

माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस (१९२७–२०१२) यांना एवढ्यावर समाधान नव्हतं. राग आणि सिम्फनी एकाच कागदावर आणायचं त्यांच्या मनात होतं. सारंग रागात त्यांनी व्हायोलिन आणि ऑर्केस्ट्रासाठी कॉन्चेर्टो लिहिला. १९५८ साली मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजच्या चौकात त्यांनी शंभराहून अधिक वादक बसवले. गायला लता मंगेशकर आणि मन्ना डे होते.

काम सोपं नव्हतं. रागात स्वर एकटा पुढे सरकतो, वाटेत मींड घेतो, गायकाच्या मर्जीनं थांबतो. ऑर्केस्ट्रात एकजण थांबला तर बाकीचे पुढे निघून जातात. म्हणजे कुठे किती थांबायचं, हे आधीच ठरवून लिहायचं. रागाचं स्वातंत्र्य त्यात किती उरतं, हा प्रश्न आजही सुटलेला नाही.

१९६५च्या सुमारास गोन्साल्विस अमेरिकेत सिरॅक्यूज विद्यापीठात गेले. पुढे परतले ते गोव्यात, चित्रपटांपासून दूर. १९७७मध्ये ‘अमर अकबर अँथनी’तल्या एका गाण्यानं त्यांचं नाव घराघरांत पोचवलं. संगीत देणाऱ्या जोडीतले प्यारेलाल त्यांच्याकडे व्हायोलिन शिकलेले. शिष्यानं गुरूला वाहिलेला तो मान होता. पण ऐकणाऱ्या बहुतेकांना हे एका काल्पनिक पात्राचंच नाव वाटलं.

रेकॉर्डिंग झालं की स्टुडिओतल्या त्या कागदांचं काम संपे. ते जपायची पद्धत नव्हती. तबकडीवर संगीतकार आणि गायक यांची नावं राहिली. व्हायोलिनची ओळ लिहिणारा हात मात्र बहुतेक वेळा निनावीच राहिला. नाक्यावरच्या ऑर्केस्ट्रात कीबोर्डवाला गाण्याआधीचा जो तुकडा जसाच्या तसा वाजवतो आणि ज्यावर शिट्ट्या पडतात, तो अनेकदा अशाच एका हातानं लिहिलेला असतो.