चकती नसलेले चौघे

साहित्याचे वाचक म्हणून आपण 'रचना' हा शब्द सहज वापरतो. रचना माणसाला बांधते की मोकळे करते, हा प्रश्न मात्र बहुधा अनुत्तरित राहतो. आइस हॉकीच्या इतिहासातील एक प्रयोग या प्रश्नाकडे पाहण्यासाठी उपयोगी पडावा, असे आम्हाला वाटते.

या खेळात संघाचे सहा जण बर्फावर उतरतात: एक गोलरक्षक, दोन बचावपटू आणि तीन आघाडीपटू. कॅनडात रुळलेली ही विभागणी म्हणजे जणू खेळाचे व्याकरणच होते. सोव्हिएत प्रशिक्षक अनातोली तारासोव्ह (१९१८–१९९५) यांनी ते बदलून पाहिले.

सोव्हिएत संघराज्यात या खेळाची राष्ट्रीय स्पर्धा १९४६च्या डिसेंबरात सुरू झाली. त्याआधी तेथे चेंडूने खेळली जाणारी 'रशियन हॉकी' होती. तिचे मैदान फुटबॉलच्या मैदानाएवढे आणि खेळाडू अकरा-अकरा. तीत मुरलेल्या खेळाडूंना वेगाची आणि चेंडू परस्परांकडे देण्याची सवय होती. कृत्रिम बर्फ दुर्मिळ, म्हणून धावणे, उड्या मारणे, वजने उचलणे असा पुष्कळसा सराव जमिनीवरच चाले. उणिवेतूनच पद्धत घडत गेली. १९५४ साली स्टॉकहोमच्या विश्वस्पर्धेत या नवख्या संघाने कॅनडाला ७–२ असे हरवले.

ज्याच्याकडे रबरी चकती आहे त्याच्यापेक्षा, ज्यांच्याकडे ती नाही ते चौघे काय करतात यावर हल्ला ठरतो, हा तारासोव्ह यांच्या विचाराचा गाभा. साठच्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांनी मॉस्कोच्या लष्करी संघात एक 'स्टॉपर', दोन हाफबॅक आणि दोन आघाडीपटू अशी मांडणी केली. १९७२च्या साप्पोरो ऑलिंपिकमध्ये तर फिरसोव्ह या नामवंत आघाडीपटूला त्यांनी हाफबॅक केले आणि पुढे विकुलोव्ह व खार्लामोव्ह यांना ठेवले. खार्लामोव्हने ९ गोल केले, सुवर्णपदक मिळाले. फिरसोव्हचे मागे येणे ही पदावनती नव्हती. त्याच्या नजरेला अवघे मैदान खुले झाले होते.

साप्पोरोनंतर तारासोव्ह आणि त्यांचे सहकारी चेर्निशॉव्ह राष्ट्रीय संघापासून दूर झाले. १९६३ ते १९७१ अशी सलग नऊ विश्वविजेतेपदे त्यांच्या जोडीच्या नावावर होती. ती मांडणी पुढे रुजली नाही. पाच जणांनी एका मनाने खेळण्याची रीत मात्र टिकली.

१९७७पासून राष्ट्रीय संघ व्हिक्टर तिखोनॉव्ह यांच्याकडे आला. फेतिसोव्ह, कसातोनोव्ह, मकारोव्ह, लारिओनोव्ह, क्रुतोव्ह हे त्यांचे पंचक म्हणजे त्या रीतीचे परिपक्व फळ. पण हेच खेळाडू वर्षाचा बहुतेक काळ शिबिरात, कुटुंबापासून दूर, कोंडल्यासारखे राहत. १९८८ साली लारिओनोव्ह यांनी 'ओगोन्योक' साप्ताहिकात प्रशिक्षकांना उघड पत्र लिहून याचा निषेध केला.

तारासोव्हही मवाळ नव्हते. त्यांचे सराव कठोरच असत. तरीही बर्फावरची शिस्त आणि शिबिराची कोंडी यांना एकच मानणे आम्हाला मान्य नाही. पहिली खेळाडूला चकतीवाचूनही अर्थ देत होती. दुसरी त्याच्याकडून खेळाबाहेरचे आयुष्यच काढून घेत होती. लारिओनोव्ह यांची तक्रार खेळाच्या रचनेविरुद्ध नव्हती, ती राबवणाऱ्या सत्तेविरुद्ध होती. कोणत्याही 'रचने'चा न्याय करताना हा भेद आपण विसरू नये.