घोलवड, पहाटे अडीचनंतर

30 जुलै 2012, पहाटे सव्वाचारच्या सुमारास

दिल्लीहून चेन्नईला निघालेली तमिळनाडू एक्स्प्रेस नेल्लोरजवळ आली आहे. एस-11 हा स्लीपरचा डबा पेटला आहे. आतले प्रवासी झोपेत आहेत. ज्वाळा दिसतात त्या बाहेरच्या माणसाला, रेल्वे फाटकावरच्या कर्मचाऱ्याला. तिसाहून अधिक प्रवासी दगावतात.

डहाणूजवळच्या घोलवडला गाडी पेटेल, त्या रात्रीला अजून 17 महिने आहेत.

27 डिसेंबर 2013, रात्री पावणेअकरा

बंगळूरहून नांदेडची गाडी सुटते. डब्यात सुट्टीसाठी निघालेली कुटुंबे आहेत, लहान मुलेही. अकराच्या आसपास दिवे मालवले जातात.

28 डिसेंबर 2013, पहाटे सव्वातीननंतर

अनंतपूर जिल्ह्यात कोत्तचेरुवूजवळ बी-1 या वातानुकूलित डब्यात आग लागते. वातानुकूलित डब्याच्या खिडक्या उघडत नाहीत. धूर आत कोंडतो. 26 जणांचा जीव जातो.

रेल्वे सुरक्षा आयुक्तांची चौकशी सुरू होते. पुढे तिच्यातून एक साधी शिफारस येणार आहे: रात्री 11 ते पहाटे 5 डब्यातल्या चार्जिंगच्या जागांचा वीजपुरवठा बंद ठेवा. ती येईपर्यंत घोलवडची रात्र होऊन गेलेली असेल. आता 11 दिवस उरले आहेत.

7 जानेवारी 2014, रात्री 11

डहाणू अजून ठाणे जिल्ह्यात आहे. पालघर जिल्हा 1 ऑगस्टला व्हायचा आहे. रात्री चार्जिंग बंद ठेवण्याचा नियमही अजून नाही.

घोलवडच्या आगीचा दोष मी कुणाच्या चार्जरवर ठेवत नाही. पण या तासाला कुठल्याही लांब पल्ल्याच्या डब्यात काय चालते, ते प्रवास करणाऱ्या प्रत्येकाने पाहिले आहे. चार्जिंगच्या जागा थोड्या, माणसे पुष्कळ. कुणी घरून मल्टिप्लग आणतो. एकाच जागेला दोन मोबाइल आणि एक लॅपटॉप लागतो. लॅपटॉप उशीवर किंवा चादरीच्या घडीवर ठेवलेला असतो. त्याची गरम हवा बाहेर पडण्याची जाळी बहुधा खालच्या बाजूला असते, आणि तीच कापडाने बुजते. मालक झोपतो. चार्जर चालू राहतो.

लिथियम-आयन बॅटरीचा एक सेल बिघडून प्रमाणाबाहेर तापला की त्याच्यातली रासायनिक क्रिया स्वतःच उष्णता निर्माण करू लागते. ती शेजारच्या सेलला पेटवते, तो त्याच्या शेजारच्याला. प्लग काढला तरी ही साखळी थांबत नाही. ज्वाळा विझल्या तरी आतली उष्णता उरते आणि बॅटरी पुन्हा पेट घेते. 3 सप्टेंबर 2010 रोजी दुबईहून कोलोनला निघालेल्या मालवाहू बोइंग 747 मध्ये लिथियम बॅटऱ्या असलेल्या मालाला आग लागली होती. धोक्याची घंटा संध्याकाळी 7 वाजून 12 मिनिटांनी वाजली. तीन मिनिटांत कॉकपिटमध्ये धूर आला. सात मिनिटांनी कॅप्टनचा प्राणवायू बंद पडला. 7 वाजून 41 मिनिटांनी विमान कोसळले. दोन्ही वैमानिक ठार झाले. ते दोघे पूर्ण जागे होते, प्रशिक्षित होते, आणि त्यांना घंटा ऐकू आली होती.

7 जानेवारी, मध्यरात्रीच्या सुमारास

वांद्रे टर्मिनसहून देहरादून एक्स्प्रेस निघते. जानेवारीची थंडी आहे. अशा रात्री स्लीपरच्या खिडक्यांची शटरे खाली ओढलेली असतात.

8 जानेवारी, पहाटे 2 च्या पुढे

विरार, सफाळे, पालघर, बोईसर, वाणगाव मागे पडतात. पुढे डहाणू रोड. मुंबईची लोकल इथपर्यंत येते, पण या वेळी एकही लोकल धावत नसते. डब्यात कुणी जागे असावे, अशी ही वेळ नाही.

अडीचनंतर

डहाणू रोड आणि घोलवड यांच्या दरम्यान एका फाटकावरचा गेटमन समोरून जाणारी गाडी पाहतो. डब्यातून ज्वाळा निघत आहेत. तो खबर देतो. नेल्लोरप्रमाणे इथेही आग आधी कळली ती गाडीबाहेर उभ्या असलेल्या, नोकरी म्हणून जागणाऱ्या माणसाला.

गाडी घोलवडला थांबते. एस-2, एस-3 आणि एस-4 हे तीन डबे जळतात. धूर ज्वाळांच्या पुढे धावतो. झोपलेल्या माणसाला तो जागे करत नाही, गुंगी आणतो.

सकाळ

मृतांचा आकडा नऊवर थांबतो.

13 मार्च 2021, दुपारी

दिल्ली–देहरादून शताब्दीच्या एका डब्याला उत्तराखंडात कांसरोजवळ आग लागते. डबा जळून जातो. एकही प्रवासी दगावत नाही.

हा फरक मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. ही आगही भीषण होती. पण दुपार होती, माणसे जागी होती, धूर दिसताच ती दुसऱ्या डब्यात गेली.

16 मार्च 2021

पश्चिम रेल्वे रात्री 11 ते पहाटे 5 चार्जिंगचा वीजपुरवठा प्रत्यक्ष बंद ठेवू लागते. शिफारस 2014 ची. मध्ये सात वर्षे गेली. हा उशीर अक्षम्य आहे. आजही एखाद्या डब्यात मध्यरात्री प्लगमध्ये वीज असली, तर ती नशिबाने मिळालेली सोय समजू नये.

डहाणू-तलासरीकडून अनेक माणसे लॅपटॉप घेऊन निघतात. त्यांना माझी विनंती आहे. गाडीत चढण्याआधी घरीच चार्जिंग करा. अकराला चार्जर काढा, लॅपटॉप पूर्ण बंद करून बॅगेत ठेवा. मल्टिप्लग घरीच राहू द्या. तलासरीमार्गे महामार्गाने जात असाल, तर मोटारीच्या 12 व्होल्टच्या सॉकेटला स्वस्त इन्व्हर्टर लावू नका. त्या सॉकेटचा फ्यूज बहुधा 10 ते 15 अँपिअरचा असतो. लॅपटॉपला लागतील तेवढे वॅट देणारा चांगल्या कंपनीचा कार चार्जर घ्या, आणि मे महिन्यात बंद मोटारीत लॅपटॉप ठेवून जेवायला उतरू नका. विमानात पॉवर बँक चेक-इन सामानात टाकू नका, ती केबिनमध्येच न्यायची असते. 100 वॅट-अवरपेक्षा मोठी असेल तर विमान कंपनीची आधी परवानगी घ्या. विमानात लॅपटॉप फुगला, वास आला किंवा सीटच्या फटीत फोन अडकला तर सीट हलवू नका, कर्मचाऱ्यांना लगेच बोलवा.

रेल्वेत धूर दिसला तर आधी शेजारच्यांना उठवा, मग साखळी ओढा, 139 वर फोन करा आणि सामान तिथेच सोडून पुढच्या डब्यात जा.